अंडं क्रमांक ११: फेंगड्या पायाच्या पिल्लाची नोंदवही

१८ जानेवारी, रविवार

संध्याकाळी साडेसातला अंडी उबवायची पेटी भरली. एकूण २४ अंडी, १५ घरच्या गावठी कोंबड्यांची आणि ९ मावसभावाच्या वस्तीवरची. प्रत्येकावर शिसपेन्सिलीनं क्रमांक टाकला. एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोल, म्हणजे फिरवताना घोळ नको.

पेटी घरीच केलेली. थर्माकोलचा खोका, ४० वॅटचे दोन बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि तापमान सांभाळायला डब्ल्यू-१२०९ नावाचा चिमुकला बोर्ड. ३७.६ अंशांवर लावला. पाण्याची पसरट वाटी ठेवल्यावर आर्द्रता ५२ टक्के दाखवतेय. आई म्हणाली, "खुडूक बसवली असती तर लाईटबिल तरी आलं नसतं." खुडकीच्या पंखाखाली बारा अंड्यांच्या वर मावत नाहीत, हे तिला सांगितलं. तिनं ऐकल्यासारखं केलं.

२५ जानेवारी

सातवा दिवस. अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या टॉर्चवर अंडी पाहिली. तीन वांझ निघाली, एकात रक्ताचं नुसतं कडं. उरलेल्या २० मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा आणि मधे हलणारा ठिपका. मुलगी ११ नंबर हातातून सोडेना, त्यातला ठिपका म्हणे सगळ्यात जास्त नाचतोय. अंडं गार होईल म्हणून शेवटी हिसकावून घ्यावं लागलं.

५ फेब्रुवारी

अठरावा दिवस. आजपासून अंडी फिरवणं बंद. पुन्हा टॉर्च मारला, एक मेलेलं निघालं. १९ राहिली. दुसरी वाटी ठेवून आर्द्रता ६८ वर नेली. खालच्या जाळीवर गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान अंथरलं, गुळगुळीत बाजू वर. पिल्लं निघताना जो राडा होतो तो पुसायला सोपं जाईल.

(ही शेवटची दोन वाक्यं नंतर लाल पेनानं अधोरेखित केली आहेत.)

६ फेब्रुवारी, रात्री ९.४०

पेटीतून चिवचिव! दोन अंड्यांना टवके उडालेत. अजून एकोणिसावाच दिवस आहे. दोन दिवस आधी! पेटी जोरात चाललीय.

(हेही लाल पेनानं. शेजारी एक मोठं प्रश्नचिन्ह.)

७ फेब्रुवारी

रात्रीपर्यंत अकरा पिल्लं बाहेर. ११ नंबरनं पहाटे पाचला टवका पाडला आणि मग दिवसभर तिथंच अडून बसलं. दुपारी चारला भोकातून चोचीचं टोक आणि त्यावरचा पांढरा दाणा दिसत होता, तो तेवढा हलायचा. मुलगी म्हणाली, "बाबा, आपण थोडं फोडूया ना." माझाही हात शिवशिवत होता. पण कवचाच्या आतल्या पापुद्र्यात शेवटपर्यंत रक्त खेळत असतं आणि पोटाखाली उरलेलं बलक शेवटच्या दिवसातच बेंबीतून आत ओढलं जातं. घाईनं सोललं तर पिल्लू रक्त जाऊन मरतं. टवक्यापासून बाहेर पडेपर्यंत बारा ते चोवीस तास लागतात, हे माहीत असूनही मी दर अर्ध्या तासानं टॉर्च घेऊन पेटीपाशी.

रात्री अकराला, म्हणजे अठरा तासांनी, टोपण उघडल्यासारखं कवच गोल कापत ते बाहेर आलं. ओलं, लोळागोळा. झोपलो.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळपर्यंत एकूण १४. पाच अंडी तशीच राहिली.

सुकलेली पिल्लं ब्रूडरमध्ये हलवली. ब्रूडर म्हणजे टीव्हीचा खोका, खाली भाताचं तूस, वर ६० वॅटचा बल्ब. बल्बखाली ३५ अंश. पहिलं पाणी गुळाचं, पसरट झाकणात, गोट्या टाकून, म्हणजे बुडायला नको. तेरा पिल्लं तासाभरात चोच बुडवायला लागली.

११ नंबर पेटीतच होतं, कॅलेंडरच्या पानावर, छातीवर पडलेलं. दोन्ही पाय दोन अंगांना, घड्याळात पावणेतीन वाजावेत तसे. उठायला जोर लावला की पाय आणखी फाकायचे आणि ते वल्ह्यासारखे मारत जागच्या जागी गोल फिरायचं. नखं कागदावर खर्र खर्र वाजत होती. पानावरचे जूनमधले सगळे रविवार त्यानं ओले करून ठेवले होते.

वजन २८.६ ग्रॅम. इतरांचं २८ ते ३१, म्हणजे वजनात खोट नाही. डोळे टक्क उघडे, आवाज खणखणीत. हातात उचलून पाय पोटाखाली धरले की पंजानं बोट घट्ट धरतं. म्हणजे पायात जोर आहे, पाय जागेवर राहत नाहीत एवढंच.

शेजारचे काका बघून म्हणाले, "लकवा आहे हा. बाकीच्यांना लागायच्या आत बाजूला काढ." मॅरेक्सच्या रोगात कोंबडीचा एक पाय पुढे आणि एक मागे जातो, हे खरं. पण तो काही आठवड्यांनी दिसतो, पहिल्या सकाळी नाही. आईनं चष्मा लावून पाहिलं आणि एका शब्दात निदान केलं: "फेंगडं आहे." तेच नाव पडलं.

पाच दिवस बघायचं ठरवलं. या वयात हाडं मऊ असतात, पाय वळायचे ते याच दिवसांत.

त्याच रात्री

बँडएडची पट्टी उभी कापून अर्धी केली. औषधाची गादी दोन पायांच्या मधे येईल अशी धरून दोन्ही टोकं नडग्यांना गुंडाळली, गुडघ्यासारखा दिसणारा जो सांधा असतो त्याच्या खाली. आमच्या बायकोनं पिल्लू धरलं, मी चिकटवलं. मोटारी रिवाइंड करणारे हात माझे, पण केसाएवढ्या तारेला जे जमतं ते ३० ग्रॅमच्या जिवाला जमेना, कारण तार लाथा मारत नाही. तिसऱ्या पट्टीला बसलं. दोन पायांत अंतर साधारण दोन सेंटिमीटर, त्याच्या कमरेच्या रुंदीएवढं.

सोडल्याबरोबर तोंडावर पडलं. मग पाठीवर. ब्रूडरच्या एका कोपऱ्यात जाळी लावून वेगळी खोली केली, खाली खरखरीत गोणपाट. सोबतीला ४ नंबर, सगळ्यात शांत पिल्लू. एकटं ठेवलं तर ओरडून ओरडून जीव काढतं आणि सगळ्यांत ठेवलं तर बाकीचे पट्टीला चोची मारतात.

९ फेब्रुवारी

सकाळी सहाला उजवा पंजा सुजलेला, निळसर. पट्टी आवळली गेली होती. ओढून काढली असती तर कातडी आली असती, म्हणून खोबरेल तेल बोटानं चोळत पाच मिनिटं थांबलो, मग सुटली. पंजा कोमट पाण्यात धरला. तासाभरात रंग परत. नवी पट्टी सैल बांधली, काडेपेटीतली काडी आत सरकेल एवढी. आता दर तीन तासांनी पंजाचा रंग बघायचा. रात्री एकचा आणि चारचा गजर लावला.

वजन २७.१. घाबरण्यासारखं नाही. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस काढतं, त्यात वजन उतरतंच. तरी चोच गुळपाण्यात बुडवून दर दोन तासांनी पाजतोय.

दुपारी पिशवीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. रांगेत पुढे एक जर्सी गाय, मागे दोन बोकड, मधे मी आणि माझी कापडी पिशवी. पिशवी चिवचिवली की लोक वळून बघायचे. वाटलं होतं डॉक्टर हसतील. हसले नाहीत. पट्टी सोडवून त्यांनी दोन्ही सांधे अंगठ्यानं चाचपले. मँगेनीज कमी पडलं तर सांध्यामागची शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, जागेवरून घसरते, सांधा सुजतो आणि पाय तिथूनच पिळवटतो, त्याला पट्टीचा उपयोग नसतो. "शीर जागेवर आहे," म्हणाले, "हा पाय मांडीतून फाकलाय. बांधलंय ते बरोबर. बी-कॉम्प्लेक्स द्या पाण्यातून." मग विचारलं, "पेटी किती अंशावर होती?"

"सदतीस पॉइंट सहा."

"कशावरून?"

बोर्डावर दिसतं म्हणालो. ते पुढच्या बोकडाकडे वळले.

१० फेब्रुवारी

ते "कशावरून" डोक्यातून जात नाही. दिवसभर दुकानात दुसऱ्यांच्या गिझरचे थर्मोस्टॅट तपासले.

वजन २६.८. पट्टीला आता ते सरावलंय. पंखांचा टेकू घेऊन अर्धवट उठतं आणि बसतं. दिवसातून चार वेळा वीस-वीस मिनिटं ‘ग्लासातली कसरत’. कटिंग चहाच्या ग्लासात फ्लॅनेलचा तुकडा कोंबून त्यात पिल्लू उभं करायचं. भिंती जवळ असल्यानं पाय फाकायला जागाच नाही, वजन आपोआप तळव्यांवर येतं. पहिल्या वेळी किंचाळलं. दुसऱ्या वेळी उभ्यानंच झोपलं, मान ग्लासाच्या काठावर टाकून.

११ फेब्रुवारी

नवं संकट. शेपटीखाली विष्ठा वाळून बूच बसलं. बसूनच असतं, त्यामुळे अंगाखालीच चिकटते. आतून मोकळं झालं नाही तर पिल्लू दोन दिवसांत जातं. कोमट पाण्यात कापूस भिजवून धरून ठेवला, विरघळेपर्यंत. ओढायचं नाही, पिसं आणि कातडी सोबत येते. साफ झाल्यावर पिचकारीच उडाली, थेट माझ्या शर्टावर. मुलगी पोट धरून हसली. कोरडं करून तेलाचं बोट लावलं. बेंबी वेगळी आणि ही जागा वेगळी, हेही तिला दाखवलं. बेंबीवरची खपली कोणी खरवडू नये.

बेंबी बघताना आणखी एक दिसलं. ११ नंबरच्याच नाही, आणखी चार पिल्लांच्या बेंबीवर काळी गुठळी आहे, नीट मिटलेली नाही. सगळ्यांना पोव्हिडोन आयोडीन लावलं.

वजन २७.९. चढलं!

रात्री न उबलेली पाच अंडी फोडून बघितली. गलिच्छ काम, पण व्हायला हवं होतं. दोघांत पूर्ण वाढलेलं पिल्लू, चोच हवेच्या पोकळीकडे वळलेली, पोटाबाहेर बलक तसंच लोंबतंय. घाई झालेली पिल्लं. कशाची घाई?

१२ फेब्रुवारी

आज उत्तर काढलं. आईचा पाऱ्याचा ताप मोजायचा थर्मामीटर झटकून घेतला. ग्लासात कोमट पाणी, त्यात बोर्डाचा सेन्सर आणि थर्मामीटरची कुपी एकमेकांना चिकटवून धरली. बोर्ड म्हणतो ३७.६. पारा १०१ फॅरनहाइट, म्हणजे ३८.३. तीनदा केलं. तीनदा तेच.

मग पेटी पुन्हा चालू करून थर्मामीटर वेगवेगळ्या जागी ठेवला. मधे १०१. उजव्या मागच्या कोपऱ्यात, बल्बच्या अंगाला, १०२ च्या रेषेला टेकला. म्हणजे ३८.९. पंखा लावलेल्या पेटीत ३७.५ च्या आसपास हवं, तिथं तीन आठवडे हे शिजत होतं. त्या कोपऱ्यात कोणतं अंडं होतं ते वहीतल्या आकृतीत बघायला उठलो, पण बघायच्या आधीच माहीत होतं.

वेळेआधी निघालेली पिल्लं, न मिटलेल्या बेंब्या, बाहेर राहिलेलं बलक, फेंगडे पाय. सगळं एकाच जागी बोट दाखवतंय. वर मी त्या पायांखाली कॅलेंडरचं गुळगुळीत पान घातलं. गवताच्या खुराड्यात, कोंबडीच्या पोटाखाली निघालेल्या पिल्लाला पहिलं पाऊल टाकायला काडी तरी मिळते.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या खुडकीला थर्मामीटर लागत नाही." यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं.

बोर्डात पी-४ नावाचं दुरुस्तीचं सेटिंग असतं. तिथं ०.७ अधिक टाकले. एवढंच काम होतं, १८ जानेवारीला दोन मिनिटांचं.

१३ फेब्रुवारी

पट्टी काढली. पाचवा दिवस. गोणपाटावर सोडलं. दहा-बारा सेकंद नुसतं उभं राहिलं, पाय थोडे फाकलेले पण खाली, अंगाखाली. मग एक पाऊल. मग ४ नंबरच्या अंगावर आदळलं. संध्याकाळी पुन्हा फाकायला लागलं म्हणून रात्रीपुरती पट्टी परत.

वजन ३१. बाकीच्यांची सरासरी ३८.

आजच मानमोडीची लस, लासोटा. एका कुपीत शेकड्यानं डोस असतात आणि पाण्यात मिसळल्यावर ती फार वेळ टिकत नाही, म्हणून वस्तीवरच्या सगळ्यांना निरोप दिला होता. पशुधन पर्यवेक्षक बर्फाचा थर्मास घेऊन आले. ओट्यावर सात घरांच्या पाट्या, डालगी, एक प्रेशर कुकरसुद्धा. प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब, पापणी मिटेपर्यंत धरून ठेवायचं. ११ नंबरला नाही दिली. ठणठणीत पिल्लालाच द्यायची, हे पुढच्या डोसाला बघू, असं ते म्हणाले.

१४ फेब्रुवारी

पट्टी कायमची काढली. आता दुसरंच लक्षात आलं. उजव्या पायाची बोटं आत मुडपलेली आहेत, मूठ आवळल्यासारखी, आणि ते मुठीवर चालतंय. आतापर्यंत पाय बघण्याच्या नादात बोटं बघितलीच नव्हती.

पुठ्ठ्याचा नाण्याएवढा तुकडा कापला, त्यावर पुढची तिन्ही बोटं पसरून कागदी चिकटपट्टीनं बसवली. एका पायात चप्पल घातल्यासारखं दिसतं. टक, टक, टक असा आवाज करत चालतं, त्यामुळे खोक्यात कुठं आहे ते न बघता कळतं.

बोटं मुडपायचं एक कारण बी-२ जीवनसत्त्व कमी पडणं. ते अंड्यात येतं आईकडून. माझ्या कोंबड्या ज्वारीची कणी आणि उकिरडा यांवर जगतात. बी-कॉम्प्लेक्स चालूच आहे. आई म्हणाली, तिची आजी खुडूक बसवायच्या आधी महिनाभर कोंबड्यांना ताक पाजायची. कारण विचारलं तर म्हणाली, "पाजायची. कारण काय असतं?" ताकात बी-२ असतं. आजीबाईंना नाव माहीत नव्हतं, एवढंच.

१६ फेब्रुवारी

पुठ्ठ्याचा बूट ओला झाला, बदलला.

१८ फेब्रुवारी

बूट काढला. दोन बोटं सरळ. बाहेरचं अजून थोडं वाकडं, तसंच राहील असं वाटतं. जाळी काढून सगळ्यांत सोडलं. पहिल्या पाच मिनिटांत तिघांनी टोचलं, मग विसरले. बल्ब थोडा वर उचलला, आता ३२ अंश पुरेत. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन बसली तर थंडी, चोच उघडी टाकून कडेला पळाली तर उकाडा. थर्मामीटरपेक्षा आता त्यांच्यावर माझा जास्त भरवसा आहे.

वजन ४४. बाकीच्यांची सरासरी ५६.

२२ फेब्रुवारी

दुसरी खेप. २४ अंडी. बोर्ड दुरुस्त, बल्ब दोन्ही अंगांना वाटून दिले, मधे पत्र्याचा आडोसा. चारही कोपरे पाऱ्यानं तपासले, फरक अर्ध्या फॅरनहाइटच्या आत. खाली कॅलेंडर नाही, धुतलेलं गोणपाट. उजव्या मागच्या कोपऱ्यात अंडं ठेवलं नाही. तिथं थर्मामीटर उभा केलाय.

कोंबड्यांना पाच दिवसांपासून ताक आणि शेवग्याचा पाला. पण ही अंडी बरीचशी त्याच्या आधीची आहेत.

८ मार्च

एका महिन्याचं झालं. बाकीची पिल्लं दिवसा अंगणात. ११ नंबर पळताना अजून डावीकडे झोल जातं, उंबरा चढताना पंख पसरून तोल सांभाळतं. खायला मात्र पहिलं. वजनात अजूनही सगळ्यांच्या खाली. गेल्या गुरुवारी घार आली तेव्हा सगळी तगरीखाली घुसली आणि हे अंगणाच्या मधोमध राहिलं. आईनं सूप फेकून मारलं घारीला. सूप फुटलं.

तुरा लालसर दिसतोय. कोंबडा निघणार बहुतेक. मुलगी खूश आहे. आम्ही दोघं गप्प, कारण गावठी कोंबड्याचं घरात शेवटी काय होतं ते तिलाही माहीत आहे.

लासोटाचा दुसरा डोस. या वेळी ११ नंबरलाही दिला.

१५ मार्च, रविवार

काल रात्री, विसाव्या दिवशी, पहिला टवका. आज रात्री आठपर्यंत उरलेल्या २१ मधली १८ बाहेर, दोन चालू आहेत. बेंब्या स्वच्छ. गोणपाटावर सगळी पायांवर.

फेंगडं एकही नाही. एकाची मात्र बोटं मुडपलेली आहेत, उजव्याच पायाची. पुठ्ठा कापून ठेवलाय. आई ताकाचं भांडं घेऊन खुराड्याकडे गेली, ११ नंबर तिच्यामागे, एका अंगाला झुकत.